आशागडची कोल्हीण आणि माझ्या भिंतीतलं भोक

विमलवहिनी, गुडघा काय म्हणतोय? उगीच जिने चढू नका हं. बाळूअण्णा, मोतीबिंदू काढलात, आता फोटोत माझा चेहरा स्वच्छ दिसत असेल... घाबरू नका, तो पहिल्यापासून असाच आहे! आणि चिंगे, तुझा खोकला गेला का? मी ठणठणीत. जन्मभर हातात थापी धरली, त्यामुळे या फोनवर बोटं तेवढी अडखळतात.

परवा चिंगीने आपल्या ग्रुपवर तलासरीजवळच्या हायवेवरचा व्हिडिओ टाकला. मधल्या दुभाजकाच्या कठड्यापाशी एक कोल्हा... इकडे धावतोय, तिकडे धावतोय, पलीकडे जायला वाट नाही. बघितला आणि मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो! मला थेट आशागडची कोल्हीण आठवली.

नव्वद सालच्या आगेमागेची गोष्ट. चिकूच्या वाड्यांचे तुकडे पडायला लागले होते आणि जो तो आपल्या तुकड्याला कंपाउंड घालत होता. मी गवंडी, माझी तर चंगळच! आशागडला एका पारशी शेठाणींच्या वाडीची भिंत मिळाली... काळ्या दगडाचा पाया, वर विटा, माथ्यावर काचा. माझ्या एकट्याच्या जबाबदारीवरचं पहिलं मोठं काम.

वाडीच्या कोपऱ्यात मातीच्या ओट्यावर वाघोबाचा शेंदरी दगड होता. पाड्यावरच्या लोकांचा तो देव. त्याच पाड्यावरची, माझ्याकडे सिमेंटचा माल कालवायला असलेली रमी म्हणाली, "मिस्तरी, माझ्या पोरीचं लगीन हाय. जोडा वाघोबाच्या पाया पडल्याबिगर घरात जात नाय. तवर इथली भिंत बंद करू नको."

मग काय, माणूस जाईल एवढी फट सोडली. लग्न झालं, नवरानवरी वाजतगाजत त्या फटीतून आत गेली, पाया पडून आली. मलाही प्रसादाचं खोबरं मिळालं. दुसऱ्याच दिवशी फट बुजवून प्लास्टर केलं... आरशासारखं गुळगुळीत!

सकाळी भिंतीला पाणी मारायला गेलो, तर बाहेरच्या बाजूने खाली सगळं ओरबाडलेलं. माझं डोकंच फिरलं. पोरांचे उद्योग समजून चार शिव्या हासडल्या आणि पुन्हा लिंपलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच!

रमी घमेलं खाली ठेवून हसायला लागली. "वाघोबा रागावला तुझ्यावर. लगीन आटपलं नि लगेच देवाच्या तोंडावर दार लावलंस."

"तुझ्या वाघोबाला सांग, प्लास्टर ओलं आहे. दोन दिवस थांब म्हणावं."

"तूच सांग. माझं आयकतो व्हय तो?"

तेवढ्यात ओट्याखालून आवाज आला... कुंई कुंई. मी ओणवा होऊन बघितलं, तर खाली बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी मातीच्या रंगाचं एवढंसं नाक! मागे आणखी दोन-तीन. कोल्ह्याची पिल्लं. रमीचं हसू तिथेच थांबलं. "अरे, आई भाईर राहिली रे यांची!"

लख्ख प्रकाश पडला डोक्यात. फट उघडी होती तोवर कोल्हीण तिथूनच ये-जा करत होती. चहूबाजूंनी मी भिंत घातली आणि शेवटची वाटही लिंपून टाकली. फाटकाला खालपर्यंत पत्रा, पायाचा दगड खोल, उकरून यायचीही सोय नाही. बिचारी दोन रात्री माझ्या प्लास्टरवर नखं घासत होती आणि मी शिव्या देत होतो.

मी म्हटलं, पिल्लं उचलून बाहेर ठेवू. रमीने माझा हातच धरला. "हात लावू नको. आई यायच्या आत कुत्री नेतील त्यांना." पिल्लांचा आवाज तर खोल खोल जात चाललेला... आणि उद्या सकाळी शेठाणी भिंत बघायला येणार!

घेतली पहार. आपलेच दात आणि आपलेच ओठ! माझ्याच हाताने केलेली ती गुळगुळीत भिंत मीच फोडली, तळाशी, कोल्हं जाईल एवढी. मग आम्ही दोघं लांब विटांच्या थप्पीआड बसलो. ऊन उतरलं... येते की नाही, येते की नाही... रमी वाघोबाला नारळ बोलली, मी दोन बोललो!

आणि आली! आधी कान, मग तोंड. फटीशी थबकली, तिथेच टाकलेल्या माझ्या पहारीचा वास घेतला, नि सुळकन आत. क्षणभर पिल्लांचा एकच गलका... आणि मग गप्प. सगळी गप्प. आईच्या पोटाला लागली होती हो! रमीने आनंदाने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की सदऱ्यावर सिमेंटचा पंजा उमटला.

सकाळी शेठाणी काठी टेकत आल्या. "मिस्तरी, मी भिंत मागितला, खिडकी नाय मागितला!" रमीने सगळं सांगितलं. शेठाणी ओट्यापाशी वाकल्या, बराच वेळ कान देऊन ऐकत राहिल्या. उठल्या आणि म्हणाल्या, "राहू दे भोक. पण नीट बनव. एवढा वाकडा भोक माझ्या भिंतीला चालणार नाय!"

मग मी त्या भोकाला विटांची छान कमान केली. सगळ्या भिंतीत तेवढंच काम मी असं जीव लावून केलं असेल. पुढे जिथे जिथे कंपाउंड घातलं तिथे नाल्याच्या अंगाला तळाशी एक भोक सोडत गेलो. कुणी विचारलंच तर म्हणायचं, पाण्याच्या निचऱ्याला! रमीचे आणि त्या शेठाणींचे उपकार, नाहीतर मला नुसती भिंतच बांधता आली असती, तिच्यात वाट सोडता आली नसती.

आता चिंगे, तुझा व्हिडिओ मध्येच संपतो बघ. तो कोल्हा पलीकडे पोचला का गं? कठड्यात कुठे फट होती का? खोकल्याचं मागाहून सांग, आधी हे लिही... लगेच लिही बाई, मी फोन हातात घेऊनच बसलोय.