हौसाबाईचा दिवा

दादा, मी निघाले त्या सकाळी विमानतळाच्या गाडीत आई झेंडूची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. लेक जपानला चालली म्हणून फुलबाजार थोडाच थांबतो! बाजारापाशी उतरताना ती रडलीसुद्धा नाही. तू दिलेल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पत्रं नको धाडू. मला कुठं वाचता येतंय? फोटू धाड. तू कुठं ऱ्हाती, काय खाती, मला दिसलं पायजे."

बोलायला काय जातं! सातपूरच्या कंपनीने ह्यांना इकडे पाठवलेलं, हे सकाळी गेले की रात्रीच उगवायचे. कॅमेरा आला माझ्या गळ्यात. दिवसाचे फोटो कसेबसे जमले. पण एकदा फोनवर मी बोलून गेले की इथे ऑगस्टमध्ये नदीत कागदाचे कंदील सोडतात. त्रिपुरी पौर्णिमेला द्रोणात दिवा सोडणारी आपली आई ती! "आपल्या गोदावरीवानी? फोटू धाड." झालं!

पहिल्या वर्षी फ्लॅश मारला. समोरच्या लोकांच्या पाठी पांढऱ्याफटक आणि मागे नदी डांबरासारखी काळी. दुसऱ्या वर्षी फ्लॅश बंद केला तर हात हलला, सगळे कंदील सांडलेल्या शेवयांसारखे लांबडे. वैतागून तेच पाठवले. त्यावर आईचा प्रश्न, "अंधारात ऱ्हाती का गं? तिथं लाईट नाय का?" वर तू सांगितलंस की पोर सुखात नाही म्हणून ती नीट जेवत नाही. एवढा श्रीमंत देश, आणि माझ्यामुळे आईच्या डोक्यात तिथे लोडशेडिंग!

रोल धुणारे दुकानदार हायाशी-सान काळे फोटो देताना स्वतःच कमरेत वाकून माफी मागायचे. अहो, चूक माझी, तुम्ही कशाला वाकता? डोकं फिरायचं माझं. शेवटी त्यांनीच कॅमेरा ठेवायची तिवई दिली आणि सांगितलं, मिट्ट काळोखाची वाट बघू नका, आभाळ थोडं निळं असतानाच काढा, आणि काठाला अडकलेला एखादा कंदील फोटोत धरा. वाहता धरू नका.

तिसऱ्या वर्षी नदीकाठी कंदील वाटायच्या टेबलावर एका बाईंनी मला कंदिलाचा कागद दिला आणि नाव लिहा म्हणून खूण केली. आपण कुणाच्या नावाने दिवा सोडतो? आपल्या माणसांच्या, ती सुखी राहावीत म्हणून. मी ठसठशीत लिहिलं, हौसाबाई. माझा कंदील थोडा पुढे गेला आणि लव्हाळ्यात अडकला. मी तोच धरला. आणि काय सांगू, अक्षर न् अक्षर स्वच्छ आलं!

हायाशी-सानना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, हे आईचं नाव. त्यांचा चेहराच पडला. "कधी वारल्या?"

तेव्हा कळलं, हे दिवे गेलेल्या माणसांचे. तीन वर्षं डोळा कॅमेऱ्याला लावून बसलेली मी, कुणाला विचारलं असेल तर शपथ. "अहो, ठणठणीत आहे ती! झेंडू तोडत असेल!" मी ओरडले. ते पुन्हा वाकले.

आता आली का पंचाईत! आईला वाचता येणारा शब्द एकच, बँकेत सही करायला तू शिकवलेलं तिचं नाव. आणि एकुलत्या एका चांगल्या फोटोत नेमकं तेच. मी फोटो कपाटात टाकला. मग तुझा फोन, आई रोज पोस्टमनला अडवते. शेवटी पाठवला, सोबत तुला चिठ्ठी, हे दिवे कसले ते आईला सांगू नकोस. आणि तू, शहाण्या, अख्खी चिठ्ठी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलीस!

मग फोन आला. पलीकडे आई हसत होती. "जित्या माणसाला मेलं म्हटलं की आयुष्य वाढतं गं! लय वाढलं आता माझं. पर नाव काय झ्याक दिसतंय पाण्यात! आन् लाईट हाय की तिथं."

खरंच पुष्कळ जगली. गेल्या हिवाळ्यात गेली, आणि माझं विमान पोचलं तेव्हा तुम्ही अस्थी गोदावरीत सोडून परतही आला होतात. त्याचा राग अजून गेलेला नाही, कुणावर काढू तेही कळत नाही.

यंदा टेबलावर पुन्हा कागद मिळाला. आता आईचं नाव लिहायला हरकत नव्हती. थकलेले हायाशी-सान शेजारी उभे होते, त्यांनी लिहा म्हणून मान हलवली. मला नाहीच लिहवलं. तुझं नाव लिहिलं, वहिनीचं, तुमच्या पोरांची, माझ्या पोरांची, ह्यांचंसुद्धा. हायाशी-साननी फक्त तिवई सरळ करून दिली. इथे लोक विचारतात, तुमचं घर कुठे? त्या कागदावर मावलं तेवढं.

फोटो सोबत आहे. तुझं नाव मधोमध आलंय, घाबरू नकोस. आणि ओट्यावर बसून मोठ्याने वाच.