वर्षाचा पास

सोलापुरातल्या एका थेटराच्या दारावर तो तिकिटं फाडायचा. नाव मी कधी विचारलं नाही. गड्याला कंपनीचा लई गर्व. "सात गावांत थेटरं हायती आमची," असं येईल त्याला सांगायचा. बार्शीचं बंद पडलं तर म्हणाला, "त्या गावाला बोलपट कळतच न्हाय." पुढं आणखी दोन बंद पडली, तरी त्याच्या तोंडी सातच.

मग कंपनीनं वर्षाचा पास काढला. पैसे आधी भरायचे, वर्षभर खेळ बघायचे. बायको गेल्यापासून संध्याकाळी मला घरात बसवत नव्हतं, म्हणून पैसे घेऊन गेलो. तो दारात "पास घ्या" म्हणून ओरडत होता. मला बघून जवळ आला.

"मामा, तुमी रोजचं तिकीट काढा."

"का रं?"

"चार महिने पगार न्हाय आमाला."

एवढं बोलून तो माझ्या मागच्या माणसाकडं वळला आणि पुन्हा ओरडू लागला. त्या माणसानं पास घेतला. दोन महिन्यांत थेटराला कुलूप लागलं.

माझे पैसे वाचले, म्हणून मी त्याला भला म्हणतो. पण तो माणूस पैसे काढत होता तेव्हा मीही शेजारीच उभा होतो, आणि गप राहिलो.