सातव्या रात्रीची तालीम

सोलापूरहून विजापूरकडे पायी जाताना आमच्या टाइमकीपरांनी जितके मुक्काम केले तितके दुसऱ्या कोणी केले नसतील, आणि ते बहुतेक सगळे माझ्या ओसरीवर झाले. हे गृहस्थ गिरणीच्या हजेरी-ऑफिसातून निवृत्त झालेले, आमच्या घरापासून चौथ्या दारात एकटे राहणारे. त्यांचे थोरले भाऊ विजापूरच्या अलीकडे एका खेड्यात असत. आईच्या शेवटच्या आजारपणात टाइमकीपर गेले नाहीत, तेव्हापासून भावाभावांत बोलणे बंद होते, त्याला बावीस वर्षे झाली होती. आता भावाकडे जायचे, आणि तेही रेल्वेच्या कडेकडेने चालत, असे त्यांनी ठरवले. छप्पन्न मैल, रोजचे सरासरी आठ, म्हणजे वाटेत सहा मुक्काम आणि सातवी रात्र भावाच्या घरी. हा हिशेब मीच करून दिला, त्याचा पश्चात्ताप मला अजून होतो.

कारण नुसत्या हिशेबाने त्यांचे समाधान नव्हते. वाटेवरच्या प्रत्येक गावाला त्यांनी उत्तराचे कोरे कार्ड जोडलेले जोडकार्ड पाठवले : तुमच्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजते का, आणि किती वेळात? तडवळच्या मास्तरांनी तिसऱ्या कार्डाला उत्तर दिले, "शिजते. गेली तीन वर्षे शिजतेच आहे. आपण येणार कधी?" मग दुष्काळाच्या साली विहिरीच आटल्या, आणि पुढच्या वर्षी सगळी चौकशी नव्याने झाली. मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडून सगळे मुक्काम पुन्हा मोजून घेतले. गावे होती तिथेच आहेत, हे मी त्यांना चार वेळा सांगितले.

त्यानंतर तालमी सुरू झाल्या. माझ्या घरापासून तळ्याला वळसा घालून परत येईपर्यंत दोन मैल भरतात. अशा चार फेऱ्या मारून ते दिवेलागणीला घोंगडी घेऊन आमच्या ओसरीवर येत. "अहो, होटगी आली बघा," आमची ही आतून सांगायची. एकदा इंडीचा मुक्काम होता. हिने नेहमीप्रमाणे आग्रह करून वाढले, तर म्हणाले, "वहिनी, इंडीत मला कोण वळखतंय? जरा परक्यासारखं वाढा की."

मी अगदी जेरीस आलो. एकदा म्हटले, "होटगीला गाडी बदला आणि संध्याकाळच्या आत भावाच्या घरी जाऊन बसा."

"गाडीनं पोचतोय की मी," ते म्हणाले. "तितं काय बोलायचं, ते ठरायला सात दिवस तरी लागतील."

आणि एका हिवाळ्यात ते खरोखरच निघाले. वाटेतले सहाही मुक्काम कागदावरच्याप्रमाणे पार पडले. अकराव्या दिवशी गाडीने परत आले. भावाच्या गावाअलीकडे पाऊण मैलावर एक देऊळ आहे; तिथे चार रात्री काढल्या आणि माघारी फिरले. छप्पन्नातले सव्वापंचावन्न मैल चालून झाले होते.

"हितनं त्याचं चिंचेचं झाड दिसतंय," असे मात्र त्यांनी देवळातून कार्डावर मला कळवले होते.

महिनाभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी घोंगडी घेऊन आले. मी विचारले, "आज कुठला मुक्काम?"

"सातवा," ते म्हणाले. "आतून कडी लावा. आणि लगेच उघडू नका."

मी कडी लावून दारामागे उभा राहिलो. बाहेर पायरीवर काठी टेकल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरातून ही बाहेर आली आणि माझ्याकडे बघत थांबली. शेवटी इतक्या हळू आवाजात, की दार मध्ये असून ऐकू कसे आले कोण जाणे, ते म्हणाले, "दादा, मी आलोय."

ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. इतक्या वर्षांत आम्ही पाण्यापासून पांघरुणापर्यंत सगळे ठरवले होते. त्यावर भावाने काय म्हणायचे, तेवढे राहिले होते. मी दार उघडले आणि "ये" म्हणालो.

ते आत आले नाहीत. "तो असं म्हणायचा न्हाय," असे म्हणून त्यांनी ओसरीवर घोंगडी पसरली.

हिने ताट बाहेर नेऊन ठेवले. दोनदा भाकरी वाढली, तिसऱ्यांदा नको म्हणत असताना वाढली. त्या दिवशी टाइमकीपरांनी परक्यासारखे वाढायला सांगितले नाही.