नानासाठी नेलेला टॉवेल

धुळ्याहून पारोळ्याची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर नवा पांढरा टॉवेल होता आणि डोक्यात राग. पवित्र गुरुवार होता. पारोळ्यापलीकडच्या आमच्या गावी त्या दिवशी उपासनेत पाय धुण्याची रीत आहे, प्रभूने शिष्यांचे धुतले तशी. थोरल्या भावाचे, नानाचे, पाय धुवायला मी निघालो होतो.

दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आईच्या दफनाला मी प्रार्थना करत होतो. धुळ्यात माझ्या प्रार्थनेचं नाव आहे. नाना मध्येच मोठ्याने ‘आमेन’ म्हणाला, पाठोपाठ सगळी माणसं म्हणाली आणि माती पडू लागली. माझं वाक्य अर्धंच राहिलं. चूक त्याची, तरी वाकणार मी, या विचाराने मी गाडीभर फुगलो होतो. रविवारी धुळ्यात मंडळीपुढे हे कसं सांगायचं तेही जुळवून झालं होतं.

शेजारी बसलेल्या अक्कांनी टॉवेल चाचपला. “टावेल-टोपीना आहेर शे का, भाऊ? मंग टोपी कोठे शे?”

“लग्नाला नाही चाललो.”

“ते तोंड दखीसन समजनं,” (तोंड बघून कळलं) अक्का म्हणाल्या आणि झोपल्या.

पारोळ्याला उतरून रिक्षाने गाव गाठलं. उन्हात कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग तापले होते. वहिनीने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. नाना एवढंच म्हणाला, “गाडीले गर्दी व्हती का?” आईचं नाव नाही, आमेनचं नाव नाही. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर वहिनी म्हणाली, “जाऊ द्या भाऊजी, जुनं व्हयनं.” (जुनं झालं.) मी रडत नव्हतो. मला भांडायचं होतं.

पत्र्याच्या प्रार्थनाघरात घमेलं आणि तांब्या मांडला होता. मी सगळ्यांसमोर टॉवेल खांद्यावर टाकून खाली बसलो. तोच पाळक म्हणाले, “दानिएलभाऊ, खुर्चीवर बसा. आमच्याकडे थोरला धाकट्याचे पाय धुतो. थोरल्याचे पाय धाकटा रोजच धरतो, त्यात काय मोठं?”

मी हे गाव सोडून तीस वर्षं झाली. थोरल्याने धुवायची ही रीत माझ्यामागे सुरू झालेली. मागून कोणीतरी हसलं.

नाना गुडघ्यावर हात देत खाली बसला. मला बूट काढावे लागले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, टाचा फुटलेल्या. पाय धुतले जाणार ते आपले, हे माझ्या मनातच नव्हतं. मी पाय मागे ओढला, तांब्या मोज्यांवर कलंडला.

“ठेव रे दान्या,” नाना दबक्या आवाजात म्हणाला. “मना गुडघा दुखस. आनि माले बी राग शे.”

“तुला कसला राग?”

“तू आईले माती देवाले उना नव्हता. तुनी प्रार्थना आयकाडाले उना व्हता.” (आईला माती द्यायला आला नव्हतास, तुझी प्रार्थना ऐकवायला आला होतास.)

त्याने माझी टाच घट्ट धरून घासली, ढोराचा खूर धरावा तशी. धुऊन माझ्याच टॉवेलने पुसली. रीतीप्रमाणे, ज्याचे पाय धुतले त्याने प्रार्थना करायची. मी तोंड उघडलं आणि एक शब्द सापडेना. त्या शांततेत नाना आमेन म्हणू शकला असता. मी त्याचीच वाट बघत होतो. तो म्हणाला नाही. ओल्या हातांनी तसाच खाली बसून राहिला, मला काही सुचेल म्हणून. शेवटी मीच ‘आमेन’ म्हणालो. आधी काहीच नव्हतं, नुसतं आमेन.

परतीच्या गाडीत ओले मोजे खिशात होते, टॉवेल नानाकडेच राहिला. राग गेला असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल आणि ऐकायला फार गोड होईल. वाकायची मला सवय आहे. लोक बघत असले की मी छान वाकतो. कोणीतरी माझ्यापुढे वाकलं आणि माझ्या फुटक्या टाचा पाहिल्या, ते मात्र अजून सहन होत नाही.

घरी बायकोने दारातच विचारलं, “धुतले का नानांचे पाय?”

रविवारसाठी जुळवलेलं सगळं ओठांवर आलं. मग म्हणालो, “नाही. त्याने माझे धुतले.”