बेबीताईंच्या वर्गातला अडकलेला दसरा

पांढरकवड्याच्या बस स्टँडमागे बेबीताई नगराळे यांचा संगणक वर्ग आहे आणि त्यातल्या प्रत्येक संगणकाला एसटीच्या थांब्याचं नाव आहे. करंजी, उमरी, रुंझा, पाटणबोरी, वणी, मोहदा. ही नावं ताईंच्या यजमानांनी, डोमाजींनी दिली. डोमाजी एसटीत कंडक्टर. दारापासून तिसरा बसला, खिडकीकडचा दुसरा तापला, असं बायको रोज जेवताना सांगायची आणि त्यांना त्यातलं एकही ओळखू यायचं नाही. शेवटी ते म्हणाले, मले नंबर नाही समजत, थांबे समजते. तेव्हापासून त्या घरात ‘आज सकाळपासून करंजी बंद आहे’ अशी बोलणी चालत आणि शेजारीपाजारी रस्ता कुठे खचला म्हणून चौकशीला येत.

बेबीताई मूळच्या टायपिंगवाल्या. यवतमाळला मावशीकडे राहून त्या मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग शिकल्या आणि लग्नानंतर त्यांनी इथे टाइपरायटरचा वर्ग काढला. टाइपरायटरचे दिवस सरले तेव्हा त्यांनी मशिनं मोडीत दिली, एक दिवस डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी संगणक शिकायला सुरुवात केली. कापसाचे दिवस फिरले होते. एकेका जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा गप्प होत होता. वर्गापासून जवळच असलेली एक जिनिंग बंद पडली, तेव्हा तिच्या शेठनं ऑफिसातले सगळे संगणक ताईंना देऊन टाकले. ताईंनी डबे उघडले तर आत रुईच रुई. ती काढून, पिंजून त्यांनी खुर्चीवर ठेवायला एक छानशी उशी शिवली.

ही गोष्ट त्या वर्षीच्या परीक्षेची. अभ्यासक्रमात नव्यानं पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा आली होती, आणि तिच्या जोडीला आलेख काढून देणारी एक लायब्ररी. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या कामाचं गाठोडं. ते इंटरनेटवरून उतरवून आपल्या संगणकात बसवायचं, की दोन ओळींत आलेख तयार. सोमवारी अमरावतीहून परीक्षक येणार होते. लायब्ररी चालली तर प्रॅक्टिकल इथे, नाही तर परीक्षा केंद्र यवतमाळला हलणार. यवतमाळ काही परदेशात नाही. पण वर्गातल्या बहुतेक पोरी आजूबाजूच्या खेड्यांतल्या, आणि त्यांच्या घरचे पांढरकवड्यापर्यंतच राजी होते. दीपमाला म्हणून एक लग्न झालेली विद्यार्थिनी होती, तिच्या सासूनं तर स्वच्छ सांगितलं होतं की पांढरकवड्याच्या पुढे जायचं असेल तर सासऱ्याले घेऊन जाय. सासऱ्यांना बस लागायची. केंद्र गेलं तर पोरींची परीक्षा गेली, हे ताईंना पक्कं माहीत होतं.

बुधवारी ताईंनी पदर खोचला. मोहद्यापासून सुरुवात केली, कारण तो गुणी. त्याच्यातलं जुनं सगळं पुसून ताईंनी मागेच त्यात विंडोजऐवजी फुकट मिळणारं उबुंटू टाकलं होतं. मोहद्यानं एकदा पासवर्ड मागितला, एकदा परवानगी नाही म्हणाला, ताईंनी हुकुमाच्या आधी ‘सुडो’, म्हणजे मालकाचा शब्द, लावला आणि त्यानं मुकाट्यानं गाठोडं उतरवून घेतलं. पडद्यावर निळी रेघ उमटली. ताईंनी टाळी वाजवली. आता काय, दुपारपर्यंत सगळे थांबे घेऊ, असं त्या म्हणाल्या.

पण करंजी, उमरी आणि रुंझा होते विंडोज एक्सपीचे. नव्या पायथननं त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळखच दाखवली नाही. ताईंनी शोधून शोधून जुनी, एक्सपीला चालणारी पायथन आणली. ती बसली. पाटणबोरी, वणी आणि बाकीचे विंडोज सेव्हनचे. तिथे नवी पायथन बसली खरी, पण चालवायला गेलं की अमुक फाईल सापडत नाही. त्या फाईलचं नाव एवढं लांब होतं की दीपमाला म्हणाली, हे तर आमच्या सासऱ्याच्या जमिनीच्या खसऱ्यावरच्या नावापेक्षाही लांब आहे. ताईंनी तिथूनही नवी काढली आणि जुनीच घातली. जुनं ते सोनं म्हणत गुरुवारी संध्याकाळी सगळीकडे पायथन चालू झाली.

उरली लायब्ररी. आणि लायब्ररी कुठेच उतरेना.

करंजीवर हुकूम दिला की लाल अक्षरांची लांबलचक पाटी यायची. लायब्ररी देणाऱ्या समोरच्या संगणकाच्या प्रमाणपत्राची खात्री पटत नाही, म्हणून जोडणी नाकारली, असा तिचा मथितार्थ. उमरीवर तेच, पाटणबोरीवर तेच. ताईंनी नेट बदलून पाहिलं, डोमाजींचा मोबाईल जोडून पाहिला, व्हायरसची राखण करणारा प्रोग्राम बंद करून पाहिला. एक्सपी जुनं म्हणून रडतं म्हणावं, तर सेव्हनही त्याच सुरात रडत होतं. आणि मोहदा मात्र त्याच वायरीवर बसून आरामात निळ्या रेघा काढत होता. ताईंनी विचार केला. नेट चांगलं, लायब्ररी चांगली. मग जिनिंगमधून जसेच्या तसे आलेले जेवढे आहेत, तेवढ्यांनाच हा आजार, आणि पुसून काढलेल्या मोहद्याला नाही. म्हणजे खोड जिनिंगच्या पोटातली आहे.

ती खोड दीपमालानं पकडली, आणि तीही चुकून. शुक्रवारी ती उमरीवर आपली फाईल शोधत होती. मिळाली, पण ती बघतच राहिली. मग वळून अगदी गंभीरपणे म्हणाली,

“ताई, या कॉम्प्युटरात मी अजून कुवारीच आहो.”

“काय बोलून राह्यली तू?”

“पाहा ना. आता बनवलेली फाईल, आन् तारीख सतरा ऑक्टोबर दोन हजार दहा. मायं लग्न बाराचं. सासूले सांगू का, मी अजून तुमची कोणीच नाही म्हणून?”

वर्ग हसून हसून लोळला. ताईही हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ कुणीतरी लपवून ठेवलं होतं. ते त्यांनी उघडं केलं. करंजी, सतरा ऑक्टोबर दोन हजार दहा. रुंझा, तेच. वणी, तेच. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र दोन हजार सतराचं होतं. आता लाल पाटी त्यांना कळली. समोरच्याचं प्रमाणपत्र काही वर्षांपूर्वी निघालेलं, आणि हे संगणक अजून दोन हजार दहातच बसलेले. त्यांच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं होतं. खात्री पटणार कशी?

उपाय सोपा वाटला. तारीख दुरुस्त केली, पण गाठोडं उतरायच्या आत ती मागे गेली. संगणक बंद करून चालू केला. पुन्हा सतरा ऑक्टोबर. आतला घड्याळाचा सेल गेला असणार, म्हणून ताईंनी घड्याळजीकडचे गोल सेल आणले. तो म्हणाला, ताई, एवढ्या लोकाईची घड्याळं एकदम बंद पडली का? सगळीकडे नवे सेल बसले. संगणक चालू झाले आणि एका सुरात सतरा ऑक्टोबरवर जाऊन बसले. डोमाजींनी जुनं कॅलेंडर आठवून सांगितलं, त्या दिवशी दसरा होता. आपली डबल ड्युटी होती म्हणून लक्षात आहे. मग काय, शनिवारी वर्गात येणारी प्रत्येक पोरगी दारातूनच म्हणे, ताई, सोनं घ्या. एकीनं तर आपट्याची पानं आणली.

ताईंना हसू येई. पण सोमवार तोंडावर आला होता. सेल नवे असूनही दसरा परत येतो, म्हणजे तो आपोआप येत नाही, कुणीतरी आणून बसवतं. आणि जिनिंगच्या ऑफिसात संगणकाला हात लावणारा माणूस एकच होता, बाबूसिंग मुनीम.

रविवारी दुपारी ताई स्कूटी घेऊन घाटंजी रस्त्यावरच्या तांड्यात गेल्या. बाबूसिंग काका बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. ताईंनी विचारलं, काका, जिनिंगच्या कॉम्प्युटरची तारीख तुम्ही बांधून ठेवली का? काकांनी आधी कानावर हात ठेवले, मग कोणती तारीख म्हणून विचारलं, मग शेंगांकडे पाहिलं. आणि मग त्यांना असं हसू फुटलं की खोकला आवरेना. सून पाणी घेऊन धावत आली.

मग सगळं बाहेर आलं. हिशोबाचं सॉफ्टवेअर दसऱ्याला, कापूस खरेदीच्या मुहूर्तावर बसवलेलं होतं. ते महिनाभर फुकट वापरून पाहायला मिळतं आणि मग बंद पडतं, तसलं होतं. पुढचं विकत घेऊ, घेऊ म्हणत शेठ राहिले. काकांनी विचार केला, महिना संपलाच नाही तर? संगणक सुरू झाला की, आणि नंतरही घडोघडी, तारीख दसऱ्याची करायची, असा एक छोटा हुकूम त्यांनी लिहून सगळीकडे ठेवून दिला. शेठच्या नजरेला पडू नये म्हणून घड्याळ लपवलं. पावत्यांवरच्या खऱ्या तारखा ते हातानं टाकत. वर्षानुवर्षं त्या सॉफ्टवेअरचा पहिलाच दिवस चालू राहिला.

“मंग आता काढून द्या ना काका,” ताई म्हणाल्या. “उद्या परीक्षा आहे माह्या पोरींची.”

काकांनी सोलणं थांबवलं. एक शेंग उगाच हातात फिरवत राहिले.

“काढलं तर ते सॉफ्टवेअर मरन, बाई.”

“मरू द्या. जिनिंगच नाही राह्यली तर हिशोब कायचा?”

“तेच तं. त्या दसऱ्याले गाड्यांची रांग हायवेपर्यंत लागली होती. कास्तकार हसून राह्यला होता, शेठ हसून राह्यला होता, मले कोणी पेढा भरवला तेही नाही समजलं. मंग तसा दसरा नाही आला. मले वाटे, कॉम्प्युटरात तरी राहू दे.” त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. “पण पोरींची परीक्षा आहे म्हणता. चाला. पागोटं घेतो.”

पागोटं बांधून काका स्कूटीवर मागे बसले आणि वाऱ्यानं ते सुटू नये म्हणून एक हात डोक्यावर ठेवला. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं, मुनीम सगळ्यांना सलाम करत चालले आहेत. लोकांनीही उलट सलाम ठोकले.

हुकूम कुठे ठेवला आहे ते काकांना अर्धंच आठवत होतं. पहिल्या मशीनवर त्यांनी तीन-चार ठिकाणं चाचपली, ताईंनी पाचवं सुचवलं, तिथे तो सापडला. पुढच्या मशीनवर ताईंनी पुढे होऊन पुसला. तिसऱ्यावर काका म्हणाले, आता मले करू द्या. एकेक संगणक दसऱ्यातून उठून दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात आला. आणि लाल पाटी न येता करंजीनं गाठोडं उतरवायला घेतलं. रुंझा. उमरी. वणी. पाटणबोरीनं शेवटची निळी रेघ काढली तेव्हा ताईंनी काकांना वाकून नमस्कार केला, आणि काकांनी विचारलं, ही रेघ कायची आहे, कापसाच्या भावाची का?

सोमवारी सकाळी ताई केंद्रावर पहिल्या आल्या. कुलूप काढलं, संगणक चालू केले आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. सेव्हनवाल्या सगळ्या पडद्यांवर एकच निरोप होता. अपडेट चालू आहेत, संगणक बंद करू नये. सात वर्षं दसऱ्यात बसलेल्या मशिनांना तारीख कळली होती, आणि सात वर्षांची सगळी दुरुस्ती त्यांनी एकदम अंगावर घेतली होती. वणी चार टक्क्यांवर, पाटणबोरी तीन. तेवढ्यात परीक्षक दारात. रजत सर, तरुण, हातात बॅग, घामानं ओला शर्ट. संध्याकाळची अमरावती गाडी गाठायची म्हणून ते घाईतच आले होते. त्यांनी पडद्यांकडे पाहिलं आणि विचारलं, मॅडम, हे काय?

“सर, हे आता मोठे होऊन राह्यले,” दीपमाला मागून म्हणाली. ताईंनी तिला डोळ्यांनी दाबलं.

ताईंनी सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की जे चालू आहेत त्यांच्यावर परीक्षा घेऊ, पाळी-पाळीनं. करंजी, उमरी, रुंझा या एक्सपीवाल्यांना अपडेट येणं कधीचंच बंद झालं होतं. त्यांना कुणी विचारत नव्हतं, म्हणून ते मोकळे होते. मोहदा तर होताच. सरांनी करंजीवर बसून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. ही पायथन जुनी आहे. यावर परीक्षा कशी घेणार?

 ताईंनी आवाज सरळ ठेवला. परिपत्रकात लायब्ररी चालली पाहिजे एवढंच आहे सर, कोणती आवृत्ती ते नाही, असं त्या म्हणाल्या. सरांनी बॅगेतून परिपत्रक काढलं, उभं वाचलं, मागचं पान वाचलं.  मग त्यांनी करंजीवर दोन ओळी स्वतः टाइप केल्या, निळी रेघ उमटली, आणि ते म्हणाले, बसवा पहिली तुकडी.

पहिली तुकडी बसली, उठली, दुसरी बसली. बाहेर पायरीवर बसलेल्या पोरी आतल्या पोरींना खुणा करू नयेत म्हणून ताईंनी दारात खुर्ची टाकली. आकडे आपल्या मनानं घ्यायचे होते. कुणी पावसाचे घेतले, कुणी दुधाचे. दीपमालानं आठवड्यात कोणत्या वारी घरात किती भाकरी लागतात त्याचा आलेख काढला, आणि सोमवारचा खांब शून्यावर का, असं सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, सर, आज मी इथं आहो ना. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

दुपार कलली तसे सेव्हनवाले एकेक करून जागे झाले आणि उरलेल्या पोरी त्यांच्यावर बसल्या. शेवटचा आलेख तपासून सरांनी सही केली, घड्याळ पाहिलं आणि बॅग उचलली. दारात थांबून म्हणाले, “केंद्र इथंच राहील मॅडम. फक्त पुढच्या वर्षी ही अपडेटं आधी उरका.”

“हो सर,” ताई म्हणाल्या. 

पोरी बस स्टँडकडे पळाल्या. त्यांचा गलबला बराच वेळ ऐकू येत राहिला. वर्गात एकटी वणी अजून चौऱ्याऐंशी टक्क्यांवर अडलेली होती आणि मला बंद करू नका असं सांगत होती. ताईंनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“चालू राह्य बाई,” त्या म्हणाल्या. “तुयं सात वर्षांचं काम आहे. मायं झालं.”

आणि त्यांनी बाहेरून कुलूप लावलं.