ओळ आणा, मग अर्थ

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या प्रोफेसरांइतकं निरुपयोगी ज्ञान अख्ख्या राजस्थानात दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. आणि असलंच, तर त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल याचा अंदाज मला आहे. प्रोफेसरांना जुनं इंग्रजी येतं. जुनं म्हणजे आपल्या आजोबांनी मामलेदाराला अर्ज लिहिताना वापरलं ते नव्हे. त्याच्याही कितीतरी मागचं, ज्यातले शब्द दिसायला आजच्यासारखेच असतात आणि स्वभावानं पार निराळे. कोणत्या शब्दाचा अर्थ कोणत्या शतकात काय होता, कवींनी तो कसा वापरला, कधी बिघडवला, हे त्यांना घरच्या भाऊबंदकीसारखं तोंडपाठ. यवतमाळच्या माणसानं हे ज्ञान मिळवावं, ते घेऊन जयपूरला सोडाला नावाच्या भागात येऊन राहावं, आणि जन्मभर हिंदीत विचार करणाऱ्या पोरांना ते वाटत सुटावं, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ज्याची त्याची हौस.

मी विमा कंपनीतला. बदलीवर इथे आलो, मुलांच्या शाळांपायी राहिलो, आणि निवृत्तीनंतर साताऱ्याला परत जायचं राहूनच गेलं. गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं, त्यामुळे मैत्री होण्यावाचून दोघांनाही गत्यंतर नव्हतं. पहिल्या भेटीत वहिनींच्या हातचा चहा पिऊन मी सभ्यपणे ‘नाइस’ म्हणालो. प्रोफेसरांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “कोणत्या काळातलं नाइस?” मग त्यांनी समजावलं, की एके काळी एखाद्याला नाइस म्हणणं म्हणजे त्याला मूर्ख म्हणणं होतं, आणि तो शब्द मूर्खापासून चांगल्यापर्यंत कसा कसा घसरत आला हे सांगेपर्यंत माझा चहा निवून पाणी झाला. आतून वहिनी म्हणाल्या, “तुम्ही यांच्याशी मराठीतच बोला न जी. मी लग्न झाल्यापासून तेच करून राहिली.”

कॉलनीतल्या लोकांना हा सल्ला द्यायला कोणी नव्हतं. एकदा सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीनं गटारांची अवस्था ‘ऑफुल’ आहे असं इंग्रजीतून जाहीर केलं. प्रोफेसर उभे राहिले. हा शब्द जुन्या लोकांनी देवाच्या दर्शनासाठी राखून ठेवला होता, ज्याच्यापुढे माणसाचे गुडघे आपोआप टेकतात त्यासाठी, असं त्यांनी कळवळून सांगितलं. सेक्रेटरी हात जोडून म्हणाला, “प्रोफेसर साब, नाली में भी लोग घुटनों तक ही जा रहे हैं।” दुसऱ्यांदा कोपऱ्यावरच्या घरात नात झाली तेव्हा हे पेढे खायला गेले आणि खाता खाता बोलून बसले, की ‘गर्ल’ हा शब्द पूर्वी मुलगा-मुलगी दोघांनाही चाले. बाळाची आजी नातवाची वाट पाहून थकलेली होती. तिनं आशेनं विचारलं, “तो भैया, अभी भी लड़का हो सकता है?” त्यानंतर त्या घरातून आम्हाला पेढे आले नाहीत. मी नुसता सोबत गेलो होतो, तरीही.

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. शब्दाचा नुसता अर्थ ते कोणालाही सांगत नसत. तुम्ही विचारलंत, की हात पुढे करून म्हणायचे, “ओळ आणा.” म्हणजे ज्या ओळीत तो शब्द भेटला ती ओळ, शक्यतो तिच्या आधीची आणि नंतरचीही. ओळ नसेल तर अर्थ नाही. मी एकदा शब्दकोड्यासाठी फोन केला, तर म्हणाले, “एकट्या शब्दाला अर्थ विचारायचा म्हणजे स्टेशनवर उभ्या माणसाला पाहून तो कोणाचा जावई ते ओळखण्यासारखं आहे.” ‘विट’ या एका शब्दापायी त्यांनी मला दीड तास बसवून ठेवलं होतं. कुठे त्याचा अर्थ अक्कल, कुठे नुसती शुद्ध, कुठे पाचही इंद्रियं, कुठे कवीची प्रतिभा, आणि हजरजबाबीपणा वगैरे अर्थ आला तो सगळ्यात शेवटी, वरातीत घुसलेल्या आगंतुकासारखा. माझं कोडं तसंच राहिलं, पण खरं सांगतो, तो दीड तास वाया गेला असं मला आजतागायत वाटलेलं नाही. शब्दाबद्दल बोलताना त्या माणसाचा चेहरा असा उजळायचा, की समोरच्यालाही आपण शहाणे होत असल्यासारखं वाटायचं.

कॉलेजातल्या पोरांना मात्र तसं वाटलं नाही. “सर, मतलब बता दो बस,” हे वाक्य प्रोफेसरांनी नोकरीभर ऐकलं. ते ओळ मागत राहिले, पोरं गाइडं विकत घेत राहिली आणि पहिल्या वर्गात पास होत राहिली. त्यातलीच काही पुढे त्याच कॉलेजात, शेजारच्या कॉलेजात प्राध्यापक झाली. प्रोफेसर निवृत्त झाले त्याच वर्षी जुन्या कवितेचा पेपर बंद झाला. निरोपाच्या समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि भाषण करणाऱ्यानं त्यांना ‘चलता-फिरता शब्दकोश’ म्हटलं. ज्याला शब्दकोशाचाच राग, त्याला हे ऐकून घेऊन वर हात जोडावे लागले. पुढच्या महिन्यात लायब्ररीतली जुनी पुस्तकं रद्दीत गेली. मला विचाराल तर त्याच दिवशी या गावानं त्यांना काय ते सांगून टाकलं होतं. त्यांनी ऐकलं नाही एवढंच.

आणि मग बस्सीची मुलगी आली. बस्सी इथून आग्र्याच्या रस्त्यावर, बसनं तास-दीड तास. शिक्षण हिंदीतून झालेलं, इंग्रजीत एमए जिद्दीनं केलेलं, आणि शहरातल्या एका खासगी कॉलेजात लेक्चररची जागा निघणार होती तिच्यावर डोळा. वडिलांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. त्यांनी तिला स्पष्ट सांगून टाकलं होतं, इंटरव्ह्यू एकच. झालं तर नोकरी, नाहीतर दौसाकडचं एक स्थळ हो म्हणून बसलंय. कोणीतरी तिला सांगितलं, की जुनी कविता शिकायची तर सोडाल्यात एक म्हातारे सर आहेत, शिकवायचे काही घेत नाहीत. ती आली, डोक्यावरची ओढणी सारखी करत बसली, आणि पहिल्याच तासाला ओळ मागितल्यावर इतरांसारखी वैतागली नाही. तिनं ओळ आणली. दुसऱ्या दिवशी आधीच्या चार आणल्या.

वर्षभर ती येत होती. वहिनी टेबलावर मटार सोलत बसायच्या, हे दोघे पलीकडे. वहिनींना तिची हिंदी आणि तिला वहिनींची मराठी अर्धी अर्धी कळायची, पण दोघींचं बरं जमलं. एका दुपारी प्रोफेसर पायात स्लीपर, हातात चष्मा अशा अवतारात रस्ता ओलांडून माझ्याकडे धावत आले. मला वाटलं, वहिनींना काही झालं. म्हणाले, “मी तिला मुद्दाम नुसता शब्द विचारला. तर मलाच म्हणते, ‘सर, किस लाइन में?’” आणि माझ्या सोफ्यावर बसून त्यांनी डोळे पुसले. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न पहिल्यांदा उलट आला होता.

इंटरव्ह्यूला आम्ही दोघे माझ्या स्कूटरवरून सी-स्कीम भागात त्या संस्थेच्या ऑफिसपर्यंत गेलो आणि समोरच्या टपरीवर चहा पीत थांबलो. ती बाहेर आली ती अगदी शांतपणे. मुख्य परीक्षकानं तिला विचारलं होतं, जुन्या कवितेत ‘विट’चा अर्थ काय? आणि तिनं विचारलं, “सर, किस लाइन में?”

परीक्षकाला ते उद्धट वाटलं. तो म्हणाला, “सवाल हम पूछ रहे हैं, मैडम। सीधा मतलब बताइए।” ती म्हणाली, ओळीशिवाय सांगितलं तर ते खोटं होईल. मग त्यांनी विचारलं, तुला शिकवलं कोणी? तिनं अभिमानानं नाव सांगितलं. त्यावर तिघे परीक्षक एकमेकांकडे पाहून हसले. मुख्य परीक्षक म्हणाला, “वो अभी भी लाइन ही माँग रहे हैं?” हा गृहस्थ म्हणजे प्रोफेसरांचाच जुना विद्यार्थी, गाइडवर पास झालेला. मी त्याला ओळखतो. रस्त्यात भेटला की वाकून त्यांच्या पायाला हात लावतो. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे बघत नाही, पण त्यानं त्याचं काही बिघडलेलं नाही. अशा माणसांचं कधीच काही बिघडत नाही.

जागा दुसऱ्याला गेली. चार दिवसांनी तिचे वडील आले. मला वाटलं आता भांडण होणार, म्हणून मी आपणहून जाऊन बसलो. ते काही भांडले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, “गुरुजी, आपने अच्छा ही पढ़ाया होगा। पास होने वाला पढ़ा देते।” बस, एवढंच. सोसायटीच्या सेक्रेटरीपासून कॉलेजच्या प्राचार्यांपर्यंत ज्यांनी ज्यांनी प्रोफेसरांची टिंगल केली, त्या सगळ्यांना त्यांच्याकडे उत्तर होतं. या माणसाला नव्हतं. शेवटी वहिनीच उठल्या, स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि आपल्या यवतमाळी हिंदीत म्हणाल्या, “भाईसाब, एक साल और देव। पोट्टी हुशार है। इनकी गलती की सजा उसको कायको?” नुसतं बोलून थांबल्या नाहीत, पुढच्या रविवारी बसनं बस्सीला गेल्या, मुलीच्या आईशी बोलल्या, आणि एक वर्ष मागून घेऊन आल्या. ‘इनकी गलती’ हे शब्द प्रोफेसरांनी ऐकले होते. त्यांनी वहिनींना ओळ विचारली नाही.

त्यानंतर एकदा चौडा रस्त्यावर पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत मला ते दिसले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत होतं आणि दारूच्या गुत्त्यातून बाहेर पडावं तसे इकडेतिकडे बघत चालले होते. मी हाक मारली नाही. दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेलो तर टेबलावर ते गाइड उघडं होतं, पिवळ्या मुखपृष्ठाचं, प्रश्न ठळक आणि उत्तरं एकेका ओळीत. प्रोफेसर वाचून दाखवत होते, मुलगी पाठ करत होती. एका शब्दापाशी ती अडली आणि सवयीनं म्हणाली, “पर सर, किस लाइन में?” ते म्हणाले, “लाइन छोड़ो। आगे बढ़ो।” त्यांचा आवाज अगदी साधा होता. वहिनी त्या दिवशी टेबलावर बसल्या नव्हत्या, भाजी घेऊन आत गेल्या होत्या. मीही फार वेळ बसू शकलो नाही. लोक म्हणतात की म्हातारपणी माणूस व्यवहारी होतो, आणि वर त्याचं कौतुक करतात. मला तर हे एखाद्या शाकाहारी माणसाला पोटापाण्यासाठी खाटकाकडे कामाला लावल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात दुसरी जागा निघाली, परीक्षक तेच, आणि मुलीची निवड झाली. श्रावणाचे दिवस होते. ती वडिलांबरोबर घेवर मिठाईचा मोठा डबा घेऊन आली. वडिलांनी प्रोफेसरांच्या पायावर डोकं ठेवलं, ते त्यांनी अंग चोरून ठेवू दिलं. मुलगी इतकी आनंदात होती, की एकाच वेळी वहिनींना, मला आणि भिंतीला सांगत होती. “सर, फिर से विट ही पूछा! मैंने एक सेकंड में बोल दिया, हाज़िरजवाबी। बड़े वाले सर ने बोला, वेरी गुड।” मग जरा थांबून, ज्या नजरेनं ती पूर्वी ओळ आणून दाखवायची त्याच नजरेनं तिनं विचारलं, “सही था न, सर?”

खोलीत मी होतो, वहिनी होत्या, आणि दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. नाइस म्हटल्यावर पाहुण्याचा चहा निववणारा, सोसायटीच्या सभेत गटारासाठी उभा राहणारा हा माणूस. चुकीचा अर्थ त्यानं आयुष्यात कोणाचा खपवून घेतला नव्हता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “बिल्कुल सही।”

ती गेल्यावर ते खिडकीशी उभे राहून तिला वडिलांच्या मागोमाग रस्ता ओलांडताना बघत होते. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया वाटली, की जे बोलू नये तेच मी बोललो. म्हटलं, “पोरगी सुटली. पण सर, तुमच्या शब्दाचं काय?”

“शब्दाचं काय व्हायचंय?” ते खिडकीतूनच म्हणाले. “त्याचं कोणी लग्न लावून देत नव्हतं.”