गोजराबाईचे वाफे

गोजराबाई बोईसरला आली ती १९६५च्या उन्हाळ्यात, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. नवरा रामकिसन तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर गवंडी. माणसं बीडकडची. राहायला पत्र्याची खोली आणि मागं दोन खाटा मावतील एवढी जागा. तिथं तिनं माहेरच्या रीतीनं खोलगट वाफे काढले, कडेनं बांध घातले आणि वांगी लावली. जूनअखेर पावसानं वाफ्यांची डबकी केली. रोपं कुजली. पुन्हा लावली, तीही गेली.

"जाऊ दे की. बाजारात मिळती भाजी," रामकिसन म्हणाला.

ती तिसऱ्यांदा कुदळ घेऊन बसली.

त्या दिवशी रानभाजी विकायला आलेली एक वारली म्हातारी कुडापाशी थांबली. बुधी तिचं नाव. वाफे बघून तिला हसू आवरेना.

"पोरी, पाण्याला बसाया घर बांधतेस काय?"

गोजराबाईला राग आला. "मंग तुमी सांगा, कसं करायचं!"

बुधीनं खरंच टोपली उतरवली. मातीचे उंच ढीग घातले, राख मिसळली, माथ्यावर शिराळ्याच्या बिया टोचल्या. "इकडं पाणी निसटून गेला पायजे. मग बघ."

श्रावणात वेलांनी पत्रा झाकून टाकला. बुधी दर आठवड्याला येई, वेल तपासी, चहा पिई आणि काही चुकलं असेल तर सुनेला रागवावं तशी रागवे.

दसऱ्यानंतर मात्र ती आलीच नाही. तीन आठवडे वाट पाहून गोजराबाई मनोरच्या रस्त्यानं निघाली, विचारत विचारत डोंगराखालच्या पाड्यावर पोचली. बुधी खाटेवर पडलेली. घसरून मांडीचं हाड मोडलं होतं, वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. मुलगा देवू आणि सून हंगामभरासाठी मिठागरावर कामाला गेलेले. शेजारीण भाकर-पाणी बघायची, पण घरामागच्या भाजीच्या वाडीकडे बघायला कुणी नव्हतं. बुधी रोज पाणी घाली म्हणून ढिगांवरची झाडं हिवाळाभर जगत. आता ढीग तडकले होते.

"यंदा बियाला पण काय नाय उरायचा," बुधी म्हणाली.

गोजराबाईनं पदर खोचला. "आजी, आता माझ्या गावची रीत."

"ती रोपां बुडवनारी?"

"पावसात बुडवती. उन्हात तीच जगवती."

तिनं ढीग मोडले, वाफे खोल काढले, बांध थापले. वांग्याची रोपं लावली, ओढ्यावरून घागरी आणून ओतल्या आणि वर पालापाचोळा पसरला. रात्री रामकिसन भडकला. "कोन लागती ती तुझी?"

"शिकवलंय तिनं मला. आठवड्यातनं दोनदा जानार. भाकरी करून ठिवीन."

आणि ती जात राहिली. बुधी खाटेवरून हुकूम सोडी, गोजराबाई निम्मे पाळी. दोघींचं कडाक्याचं भांडण होई, मग एकाच ताटात जेवण. माघात वांगी धरली. बुधी काठी टेकत वाफ्यापाशी आली, बसली, बोटानं माती उकरली.

"ओल हाय," एवढंच म्हणाली. देवू परतल्यावर बांध कसा थापायचा ते बुधीनंच त्याला दाखवलं.

१९६९मध्ये बांधकाम उरकलं, गवंड्यांना कामावरून कमी केलं. रामकिसन गावी परतायला गाठोडी बांधू लागला. गोजराबाईच्या कडेवर तेव्हा दोन वर्षांची हिरा होती.

"मी न्हाई येनार."

"अगं, हितं काय हाय आपलं?"

"पोरीची आजी हाय. हातची वाडी हाय. तुमाला काम हुडकायचंय ना? मी बी हुडकती."

रामकिसन आठ दिवस घुमसला. नवव्या दिवशी जवळच्या कुंभवलीत एका घराच्या बांधकामावर हजर झाला.

त्या पावसाळ्यात बुधीनं हिराच्या मुठीत काकडीच्या बिया ठेवल्या आणि मातीत बोट घालून भोक दाखवलं. हिरानं भोकाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि बिया तोंडात टाकल्या. बुधी ओरडली, गोजराबाई धावली; तोवर हिरानं बिया गिळून पुन्हा मूठ पुढं केली होती.